पेनिसिलिनचा भाव उतरवणारा माणूस : हॉवर्ड फ्लोरी

शाळेच्या पुस्तकात पेनिसिलिन म्हटलं की अलेक्झांडर फ्लेमिंग, उघडी राहिलेली काचेची बशी आणि तिच्यात उगवलेली बुरशी, एवढंच येतं. गोष्ट खरी आहे, १९२८ ची आहे. पण त्या बशीतून रुग्णाला टोचता येईल असं औषध बाहेर यायला आणखी बारा-तेरा वर्षं गेली, आणि ते सामान्य माणसाच्या खिशाला परवडायला त्यानंतर पाच वर्षं. हा मधला प्रवास ज्यांच्या खात्यावर जमा व्हायला हवा ते हॉवर्ड फ्लोरी. नोबेल त्यांनाही मिळालं, पण आपल्याकडे त्यांचं नाव फ्लेमिंगच्या मागे झाकलं गेलं. औषधाच्या दुकानात इंजेक्शनची कुपी हातात घेतल्यावर तिची किंमत एवढी का, किंवा एवढी कमी कशी, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने फ्लेमिंगपेक्षा फ्लोरींचं आयुष्य पाहावं.

हॉवर्ड वॉल्टर फ्लोरी यांचा जन्म २४ सप्टेंबर १८९८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात झाला. वडिलांचा बूट बनवण्याचा कारखाना होता. घरात बहिणी, आणि हा एकटा मुलगा. अभ्यासात हुशार, खेळातही पुढे, बोलण्यात मात्र फटकळ. १९१८ मध्ये वडील अचानक गेले आणि धंदा आतून पोखरलेला होता हे तेव्हा उघड झालं. सुखवस्तू घरातला मुलगा एका झटक्यात शिष्यवृत्तीवर शिकणारा विद्यार्थी झाला. पुढे आयुष्यभर प्रयोगशाळेत दिवे विनाकारण जळताना दिसले की ते मालवत फिरणारा हा माणूस होता, असं त्यांचे सहकारी सांगत. त्यामागे हे घर बुडणं असावं, असं म्हणायला जागा आहे.

अ‍ॅडलेडला डॉक्टरकी पूर्ण करून ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि १९२१ च्या अखेरीस जहाजावर डॉक्टर म्हणून काम करत फ्लोरी इंग्लंडला निघाले. ऑक्सफर्ड, मग केंब्रिज, मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने अमेरिकेत एक वर्ष. फिलाडेल्फियात त्यांची ए. एन. रिचर्ड्स या प्राध्यापकांशी मैत्री जमली. तेव्हा ती साधी ओळख होती, पण पंधरा वर्षांनी याच ओळखीला फार मोल आलं. १९२६ मध्ये अ‍ॅडलेडच्याच डॉक्टर एथेल रीड यांच्याशी लग्न झालं. संसार काही गोडीगुलाबीचा झाला नाही, पण कामात मात्र एथेलबाईंनी पुढे मोठी साथ दिली. शेफील्डला प्राध्यापकी करून १९३५ मध्ये फ्लोरी ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीचे प्रमुख झाले. वय छत्तीस.

इथे त्यांनी माणसं जमवली. हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ अर्न्स्ट चेन आले. नॉर्मन हीटली आले, हाताने काहीही बनवू शकणारे, अबोल. १९३८ च्या सुमारास जुने शोधनिबंध चाळताना चेन यांच्या हाती फ्लेमिंगचा १९२९ चा लेख लागला. फ्लेमिंग यांनी बुरशीचा रस जंतू मारतो हे दाखवलं होतं, पण त्यातलं औषध वेगळं काढता आलं नव्हतं. ते अस्थिर होतं, हाताळायला गेलं की नाहीसं व्हायचं.

पैशाची बोंब होती. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सुरुवातीला जेमतेम २५ पौंड दिले. खरा आधार पुन्हा रॉकफेलर फाउंडेशननेच दिला. युद्ध सुरू झालेलं, काच मिळेना, भांडी मिळेनात. बुरशी पातळ थरावर वाढते, म्हणून पसरट भांडी हवीत. बिस्किटांचे डबे, पायचे पत्र्याचे ताट, जे मिळेल ते घेतलं. सगळ्यात सोयीची ठरली ती रुग्णालयातली शौचपात्रं! हीटलींनी त्याच आकारावरून चिनीमातीची भांडी आखली आणि १९४० च्या डिसेंबरात ती कुंभारकामाच्या गावाहून व्हॅनमध्ये घालून आणली. भांडी भरायला, रस काढायला सहा मुली कामावर ठेवल्या. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं दूधडेअरीत रूपांतर झालं म्हणा ना.

त्याआधी, २५ मे १९४० ला, आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले गेले. चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. हीटली रात्रभर बसून होते. पहाटे साडेतीनपर्यंत औषध न मिळालेले चारही मेले होते, औषध मिळालेले जिवंत होते. त्याच दिवसांत फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला ब्रिटिश फौज अडकली होती. जर्मन इंग्लंडमध्ये उतरले तर सगळं जाळून टाकायचं आणि पळायचं, पण बुरशी वाचली पाहिजे, म्हणून या मंडळींनी तिचे बीजाणू आपल्या कोटांच्या अस्तरात चोळून ठेवले.

उंदीर वाचला म्हणजे माणूस वाचला असं नाही. माणूस उंदराच्या तीन हजारपट वजनाचा. किमतीचा सगळा खेळ इथून सुरू होतो. एका रुग्णाला पुरेल एवढं पेनिसिलिन काढायला सुमारे २००० लिटर बुरशीचं पाणी लागत होतं. त्यातून औषध काढायची हीटलींची युक्ती अशी : रस थंड ठेवून आंबट करायचा, द्रावकात औषध उतरवून घ्यायचं, मग ते पुन्हा किंचित अल्कधर्मी पाण्यात परत आणायचं आणि शेवटी गोठवून सुकवायचं. प्रत्येक पायरीला थोडं वाया जायचं. हाती यायची ती तपकिरी-पिवळी पूड, आणि तिच्यातही बराचसा मळच.

हा मळ शिरेत गेला तर काय होतं तेही लगेच कळलं. १९४१ च्या जानेवारीत ज्या पहिल्या रुग्ण महिलेला चाचणीसाठी टोचलं तिला हुडहुडी भरून ताप आला. दोष पेनिसिलिनचा नव्हता, त्यात राहिलेल्या अशुद्धीचा होता. त्यांचे सहकारी एडवर्ड अब्राहम यांनी ती अशुद्धी काढली. गोळी पोटात जाते, तिथे शरीराची स्वतःची गाळणी असते. सुई सरळ रक्तात जाते. म्हणून टोचायचं औषध अतिशुद्ध, निर्जंतुक, तापकारक अंश नसलेलं असावं लागतं, आणि हा खर्च आजही प्रत्येक कुपीवर बसतो. त्या वेळचं पेनिसिलिन तोंडाने देता येत नव्हतं, कारण पोटातलं आम्ल ते मोडून टाकायचं. टोचलं तरी मूत्रपिंडं ते काही तासांत बाहेर फेकायची, म्हणजे दर तीन-चार तासांनी नवी सुई. एका डोसची किंमत वेगळी आणि एका आजाराची वेगळी, ती अशी.

१२ फेब्रुवारी १९४१ ला ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायाला पहिला खरा उपचार सुरू झाला. चेहरा गळवांनी भरलेला, एक डोळा आधीच गेलेला. चोवीस तासांत ताप उतरू लागला, भूक लागली. पण साठा संपत आला. लघवीतून बाहेर पडणारं औषध वाया घालवायला नको म्हणून रुग्णाची लघवी जमवून सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, त्यातून पेनिसिलिन काढायचं आणि त्यालाच परत टोचायचं, असं चाललं. पाचव्या दिवशी तेही संपलं. आजार उलटला आणि १५ मार्चला तो शिपाई गेला.

त्यानंतर फ्लोरी यांनी मुलं निवडली, कारण लहान शरीराला औषध कमी लागतं. हा निर्णय वैद्यकाचा होता तितकाच हिशेबाचाही. एथेल फ्लोरी यांना कमी ऐकू यायचं, तरी वॉर्डावॉर्डात फिरून रुग्णांच्या नोंदी त्यांनीच ठेवल्या. औषध लागू पडतं यात आता शंका उरली नव्हती. प्रश्न फक्त पुरवठ्याचा होता, आणि बॉम्ब पडत असलेल्या ब्रिटनमधल्या कंपन्यांना तो पेलणारा नव्हता.

१९४१ च्या जुलैमध्ये फ्लोरी आणि हीटली लिस्बनमार्गे विमानाने अमेरिकेत पोचले. एक किलो पेनिसिलिन बनवून घ्यायचं, एवढाच मनसुबा. तो किलो काही त्यांना मिळाला नाही, पण त्या दौऱ्याने जगातला भाव बदलला. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी शेतमालावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढताना मागे उरणारं चिकट पाणी कुठे खपवायचं ही तिथली जुनी डोकेदुखी. अँड्र्यू मॉयर यांनी ते पाणी बुरशीला पाजलं, साखरेऐवजी दुधातली लॅक्टोज साखर दिली, आणि उत्पन्न दहापटीहून जास्त वाढलं. जे फेकून द्यायचं तेच खाद्य झालं. आपल्याकडे उसाच्या मळीचं जे महत्त्व, तेच तिथे मक्याच्या या पाण्याचं.

दुसरी गोष्ट बियाण्याची. फ्लेमिंगची बुरशी मुळात कमी दुधाची गाय. जगभरातून मातीचे नमुने मागवले गेले, आणि १९४३ मध्ये चांगली जात सापडली ती पिओरियाच्याच बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर. पुढे क्ष-किरण आणि अतिनील किरणांचा मारा करून तिच्यातून आणखी दुभत्या जाती काढल्या. ऑक्सफर्डमध्ये एका मिलिलिटरला एक-दोन युनिट मिळत, ते काही वर्षांत शेकड्यांवर गेलं. आज तोच आकडा दहा-दहा हजारांच्या पटीत मोजतात.

तिसरी गोष्ट भांड्याची. पसरट थरात बुरशी वाढवायची तर एकरभर भांडी मांडावी लागतील. ब्रुकलिनच्या फायझर कंपनीला सायट्रिक आम्ल आंबवून बनवण्याचा अनुभव होता. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांनी बर्फाच्या जुन्या कारखान्यात हजारो गॅलनच्या टाक्या बसवल्या, खालून निर्जंतुक हवा सोडली आणि रस ढवळत ठेवला. आता बुरशी पृष्ठभागावरच नाही, टाकीभर वाढू लागली. हे सोपं नव्हतं. एक परका जंतू आत शिरला की आख्खी टाकी गटारात.

या सगळ्याला पैसा आणि हुकूम लागतो. इथे फिलाडेल्फियाची ती जुनी मैत्री कामी आली. रिचर्ड्स आता अमेरिकी सरकारच्या युद्धकाळातल्या वैद्यकीय संशोधन समितीचे प्रमुख होते. फ्लोरी यांनी त्यांना गाठलं, रिचर्ड्सनी कंपन्यांना बोलावून घेतलं. सरकारने काही कारखाने स्वतः उभारले, इतरांना करात सूट दिली, आणि जेवढं बनेल तेवढं उचलायची हमी दिली. गिऱ्हाईक ठरलेलं असलं की कारखानदार धाडस करतो. अमेरिकेत १९४३ मध्ये २१ अब्ज युनिट पेनिसिलिन बनलं, १९४४ मध्ये १,६६३ अब्ज, आणि १९४५ मध्ये ६,८०० अब्जांच्या वर. भावही तसाच कोसळला. १९४३ च्या जुलैमध्ये एका डोसला सुमारे २० डॉलर पडत, १९४६ मध्ये सुमारे ५५ सेंट. अमेरिकेतली किमान मजुरी १९४३ मध्ये तासाला ३० सेंट होती. म्हणजे सुरुवातीला एका डोससाठी साठ-सत्तर तास राबावं लागलं असतं, तीन वर्षांत ते दीड तासाच्या आत आलं.

इथे पेटंटची भानगड येते. चेन यांचा आग्रह होता की ऑक्सफर्डने पेटंट घ्यावं. फ्लोरी यांनी ब्रिटनमधल्या विज्ञानाच्या वडीलधाऱ्यांना विचारलं. लोकांचा जीव वाचवणाऱ्या गोष्टीवर पेटंट घेणं वैद्यकाला शोभत नाही, असं त्यांचं मत पडलं आणि फ्लोरी यांनी ते मानलं. चेन यांनी हे कधीच विसरलं नाही. पुढे मॉयर यांनी पिओरियातल्या पद्धतींसाठी ब्रिटनमध्ये पेटंटचे अर्ज केले, आणि युद्धानंतर मोठ्या टाक्यांचे कारखाने उभारताना ब्रिटिश कंपन्यांना अमेरिकन कंपन्यांचं तंत्र पैसे मोजून घ्यावं लागलं. आमचा शोध आम्हीच विकत घेतला, अशी ओरड ब्रिटनमध्ये बराच काळ चालली. ती अर्धीच खरी आहे. पेनिसिलिन हा पदार्थ १९२९ मध्येच छापून जाहीर झाला होता, त्यावर मक्तेदारी मिळणं अवघडच होतं. पैसे पडले ते टाकीच्या, खाद्याच्या आणि जातीच्या ज्ञानाचे. म्हणजे औषधाच्या नावाचे नव्हेत, ते स्वस्तात बनवण्याच्या हातोटीचे.

फ्लोरी स्वतः या काळात फिरत होते. १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत जखमी सैनिकांवर प्रयोग केले, नंतर सोव्हिएत रशियात गेले, १९४४ मध्ये मायदेशी ऑस्ट्रेलियात. तिथे सरकारी प्रयोगशाळेने पेनिसिलिन बनवायला घेतलं आणि सामान्य नागरिकांना ते लवकर मिळू लागलं. वर्तमानपत्रवाल्यांना मात्र ते दारात उभं करत नसत. औषध नाही आणि बातमी छापली, तर देशभरातून आईबापांची पत्रं येणार, त्यांना काय उत्तर द्यायचं हा त्यांचा पेच. लंडनमध्ये फ्लेमिंग यांच्या रुग्णालयाने मात्र पत्रकारांना चहा पाजला, आणि श्रेय कुणाच्या पदरात पडायचं ते ठरून गेलं. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना विभागून मिळालं. एका पारितोषिकात तिघांहून जास्त जणांना जागा नसते, हीटली राहून गेले. ऑक्सफर्डने त्यांना वैद्यकाची मानद डॉक्टरेट दिली ती १९९० मध्ये.

मराठी मुलखाशी पेनिसिलिनचा थेट संबंध आला तो पिंपरीत. स्वतंत्र भारताला हे औषध आयात करावं लागत होतं आणि परदेशी कंपन्या इथे बहुधा तयार पूड आणून फक्त कुप्या भरायच्या. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीला सरकारी कारखाना काढायचं ठरलं. मार्च १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं. ज्ञान गुपित ठेवायचं नाही, या अटीवर मिळालेली ती मदत होती. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीची पायाभरणी करणाऱ्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी हा एक. पुढे वडोदऱ्याच्या अलेम्बिकनेही पेनिसिलिन बनवलं. तरीही १९६० च्या सुमारास अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीला भारतातले अँटिबायोटिकचे भाव जगातल्या सर्वाधिक भावांत दिसले, कारण पेनिसिलिनवर मक्ता नव्हता पण नव्या औषधांवर होता. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरचं पेटंट काढून फक्त पद्धतीवरचं ठेवलं आणि हैदराबाद, मुंबई, गुजरातचे कारखानदार कामाला लागले.

इकडे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेचा दुसरा अध्याय सुरू झाला होता. सार्डिनिया बेटावरचे जुझेप्पे ब्रोत्झू यांनी सांडपाण्याच्या तोंडाशी सापडलेली एक बुरशी १९४८ मध्ये फ्लोरी यांच्याकडे पाठवली. तिच्यातून अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी १९५३ मध्ये सेफालोस्पोरिन सी वेगळं काढलं. पेनिसिलिन ज्यांच्यावर चालेना त्या जंतूंवरही ते चालत होतं. या वेळी पेटंट घेतलं गेलं. पेनिसिलिनची हळहळ ताजी असल्याने ब्रिटनने १९४८ मध्ये असे शोध सांभाळण्यासाठी एक राष्ट्रीय महामंडळच काढलं होतं, त्याच्याकडे हे हक्क गेले. रॉयल्टीचा पैसा आला. अब्राहम आणि न्यूटन यांनी आपल्या वाट्याचा मोठा भाग विश्वस्त निधीत घालून ऑक्सफर्डच्या संशोधनाला दिला. आज तालुक्याच्या दवाखान्यातही न्यूमोनियाच्या रुग्णाला जे सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन टोचतात, ते याच घराण्यातलं. एकाच प्रयोगशाळेने एक औषध हक्क न घेता सोडलं आणि दुसरं हक्क घेऊन. पहिलं आधी स्वस्त झालं, दुसऱ्याने पुढच्या संशोधनाला पैसा पुरवला. यातलं चूक कुठलं, यावर ऑक्सफर्डमध्येही एकमत झालं नाही.

पेनिसिलिनचा भाव पुढे इतका उतरला की त्याचीही अडचण झाली. ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनची एक सुई लागते. पेटंट कधीच संपलेलं, फायदा नगण्य, म्हणून मोजक्याच कंपन्या ते बनवतात आणि गेल्या दशकात जगभर त्याचा तुटवडा पडला. भारतात अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं : बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या कंपन्यांच्या दरांची सरासरी, अधिक दुकानदाराचे १६ टक्के. पण कच्च्या मालाचा भाव त्या सूत्रात बसत नाही. चीनहून येणाऱ्या स्वस्त पेनिसिलिन-जीपुढे आपल्या आंबवण्याच्या टाक्या एकेक करून थंडावल्या, पिंपरीच्यासुद्धा. २०२० नंतर केंद्राने उत्पादनाशी जोडलेलं अनुदान दिलं, तेव्हा कुठे २०२४ मध्ये हैदराबादच्या अरविंदो समूहाने काकिनाड्याकडे नवा कारखाना सुरू केला.

फ्लोरी १९६० मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले, त्या खुर्चीवर बसलेले पहिले ऑस्ट्रेलियन. १९६५ मध्ये लॉर्ड झाले. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या उभारणीत त्यांचा हात होता आणि शेवटी ते तिथले कुलपती होते. औषधांनी माणसं वाचतात, मग वाढत्या लोकसंख्येचं काय, ही चिंता उतारवयात त्यांना सतावत असे आणि कुटुंबनियोजनाच्या संशोधनाला ते पाठिंबा देत. १९६६ मध्ये एथेलबाई गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकारी मार्गारेट जेनिंग्ज यांच्याशी लग्न केलं. २१ फेब्रुवारी १९६८ ला ऑक्सफर्डमध्ये हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. पाच वर्षांनी ऑस्ट्रेलियाने पन्नास डॉलरची नवी नोट काढली, तिच्यावर त्यांचा चेहरा होता. १९९५ पर्यंत ती छापली जात होती.